वाराच्या दिवशी शेतात

आक्का,

तुला लिहायला बसलोय ते कारखान्याच्या जुन्या रिजेक्शनच्या कागदांच्या पाठीमागं. पुढच्या बाजूला कुठल्या ओतीव भागाला, म्हणजे कास्टिंगला, भोक पडलं, कुठलं तडकलं याची यादी आहे, मागची बाजू कोरी आहे. तुला वाचायला येत नव्हतं, सही तेवढी मी शिकवली होती, त्यामुळं लिहून काही उपयोग नाही हे मला कळतं. तरी लिहितोय, कारण हे तोंडानं बोलायचं म्हटलं तर ऐकणारी एकटी तुझी सून, आणि ती माझं दुसरं वाक्य संपायच्या आत विचारते, ‘सकाळची गोळी घेतलासा काय?’

गोळी कसली म्हणशील. गेल्या भाद्रपदातली गोष्ट. सकाळच्या पाळीला मी रेतीच्या ढिगापाशी उभा होतो. साचे करायची आमची रेती तुला माहीत आहे. माझ्या शर्टाच्या कॉलरमधून आणि खिशांच्या शिवणींतून तू ती पंधरा वर्षं झटकलीस, आणि ह्या पोरानं मोरी काळी केली म्हणून गल्लीभर सांगितलंस. त्या रेतीत पाणी कमी पडलं तर साचा ढासळतो आणि जास्त झालं तर वितळलेलं लोखंड ओतल्यावर वाफ आत कोंडते, मग कास्टिंगला भोकं पडतात. हल्ली ओल मोजायला यंत्र आहे. पण मी रोज सकाळी आधी मूठभर रेती उचलतो, दाबतो, मोडून बघतो आणि यंत्राच्या अगोदर आकडा सांगतो. नवीन पोरांना ती जादू वाटते, आणि मीही त्यांचा गैरसमज दूर करत नाही. त्या दिवशी मूठ दाबली आणि मला काहीच कळलं नाही. ओली आहे की कोरडी, गार आहे की कोमट, काहीच नाही. हात माझा होता, बोटांत रेती होती, पण ते मला सांगणारं आत कुणी नव्हतं. खिशातला फोन वाजत होता, मागून कुणीतरी ‘सर, पोअरिंग चालू करायचं काय?’ म्हणून विचारत होतं, तळहात घामानं चिप्प झाले, छाती धडधडायला लागली आणि मी त्या ढिगावरच खाली बसलो. चौतीस वर्षं ज्या हाताचं खाल्लं, तो हात मुका झाला होता.

मग डॉक्टर, रक्त, लघवी, छातीची पट्टी, डोक्याचा फोटो, सगळं झालं. सगळं स्वच्छ निघालं. डॉक्टर तरुण होते, कन्नड वळणाचं मराठी बोलत होते, पण माणूस मायेचा. ते म्हणाले, “हार्ट चांगलं हाय सर, नस बी चांगली हाय. टेन्शन हाय. गोळी देतो, पण नुस्ती गोळी काय करत नाही. रोज अर्धा तास मातीत अनवाणी चालायचं. झाड बघायचं. फोन घरात ठेवायचं.” आणि हे सगळं त्यांनी चिठ्ठीवर लिहूनही दिलं. अनगोळच्या शेतकरणीच्या पोराला मातीत चाल म्हणून डॉक्टरांनी लिहून द्यावं लागलं, आक्का. तू असतीस तर ती चिठ्ठी गल्लीत दाखवत फिरली असतीस.

तुझ्या सुनेनं त्याच आठवड्यात अंमलबजावणी केली. वाकळा धुवायचा मोठा प्लास्टिकचा टप गच्चीवर नेला, नर्सरीतून दोन पोती लाल माती आणून त्यात ओतली आणि मला सांगितलं, रोज सकाळी ह्यात उभं राहायचं. मी लुंगी वर खोचून टपात उभा, समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई पाठ फिरवून हसतेय. तुझ्या नातीनं बेंगळुरूहून फोनमध्ये पाखरांचे आवाज घालून दिले. म्हणजे डॉक्टरांनी जो फोन घरात ठेवायला सांगितला, त्याच फोनमधली कोकिळा ऐकत मी दीड हात मातीत उभा राहत होतो. आठवडाभर केलं. पाय तेवढे लाल झाले. मग एका रविवारी आम्ही कणकुंबीच्या जंगलात गेलो. जंगलानं काही कमी केलं नाही. ओलं, गच्च, खोडांवर शेवाळ, कुठंतरी पाणी वाहतंय, तुझी सून एकेका झाडाला हात लावून बघत होती. मी मात्र तिथं परक्याच्या घरी बसावं तसा अवघडून उभा होतो, सगळं चांगलं आहे म्हणत होतो आणि जायची वेळ कधी होते ते बघत होतो. परत येताना खानापूर मागं पडल्यावर ती म्हणाली, “सोताचं शेत पंधरा मिन्टांवर हाय, आन आपण माती हुडकत कुठं फिरालोय?” मी गाडीची काच खाली केली आणि वाऱ्याचा आवाज आत येऊ दिला.

कारण तुझ्या शेतात मी एकोणीस वर्षं पाय ठेवलेला नाही. तू गेल्यावर दहा दिवसांतच शेजारच्या बांधावरच्या वैनीकडं वाट्यानं दिलं. तीच वैनी, आपल्या शेताला लागून जिच्या नवऱ्याचं शेत, नवी नवरी असताना तू जिला भात रोपायला शिकवलंस. दर सालाला तांदळाचं पोतं आणि मसुरीची पिशवी दारात येते, मी दार उघडतो, चहा देतो, पाऊसपाणी विचारतो आणि तेवढ्यावर भागवतो. लोकांना वाटतं, हा आता कारखान्यातला साहेब झाला, ह्याला चिखल चालत नाही. मी त्यांना तसंच वाटू दिलं. खरं कारण सांगण्यापेक्षा ते बरं होतं.

मी आठ वर्षांचा आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी गल्लीतून हलगी वाजत गेलीय आणि हाक घुमलीय, ‘उद्या वाऽऽर पाळायचा हाय होऽऽ.’ पंचांनी यात्रेच्या आधीचे पाच मंगळवार ठरवलेत. म्हणजे उद्या औत जुंपायचं नाही, खुरपं उचलायचं नाही, पिठाची गिरणी बंद, भुईला लोखंड लावायचं नाही. गल्लीतल्या बायका त्या दिवशी दुपारभर झोपतात, पुरुष देवळाच्या कट्ट्यावर पानं खेळतात. आणि तू, आठवड्यातले सहा दिवस जिची पाठ सरळ होत नाही ती तू, सकाळची कामं आवरून शेताकडं चालायला लागतेस. हातात काही नाही. विळा नाही, बुट्टी नाही, डोक्यावर भारा नाही. आप्पा मिलिटरीत, वर्षातून दोन महिने घरी, त्यामुळं मला कुणाकडं ठेवायचं हा प्रश्न असतो आणि म्हणून तू मला बरोबर घेतेस. मला आता कळतं की तुला मी नको होतो, पण इलाज नव्हता.

तू बांधावर बसतेस, चपला काढून ठेवतेस आणि पाय खाली भाताच्या वाफ्यात सोडतेस. घोट्यापर्यंत चिखल. भात गुडघ्याएवढं झालेलं असतं. तू बसतेस म्हणजे नुसती बसतेस. गवताची एक काडी उपटत नाहीस. मला पाच मिनिटांत कंटाळा येतो आणि मी एक काटकी घेऊन बांध उकरायला लागतो. तू माझ्या हातावर फटका मारतेस, लागणारा.

“तिला खोचू नको. आज वार हाय न्हवं?”

“मी कुठं लोखंड लावलोय? काटकी हाय ही.”

“लोखंड न्हाय म्हंजे काडी बी न्हाय. भुईला बी आंग टाकू दे की जरा.”

“मग आपण कशाला आलोय?”

“बसाय.”

“बसून काय करायचं?”

“बसायचं.”

एवढंच. मग तू समोर बघायला लागतेस आणि तुझा चेहरा मला ओळखू येत नाही. रागावलेला नाही, हसरा नाही, दमलेलाही नाही. मला त्याची थोडी भीती वाटायची. तुझ्या पदराला हात लावून मी तू आहेस की नाहीस ते बघायचो. पण उठल्यावर तू वेगळीच असायचीस. घरी येताना वाटेत गाणं नाही, पण गुणगुणणं असायचं, आणि त्या संध्याकाळी तू कुणावर खेकसायची नाहीस. मी पक्का होतो, मागायच्या सगळ्या गोष्टी वाराच्या संध्याकाळसाठी राखून ठेवायचो. क्रिकेटची बॅट मला तशीच मिळाली, सहलीला जायची परवानगीही. आयटीआयला जातो, शेतात राबायचं नाही मला, हेसुद्धा मी असल्याच एका मंगळवारी सांगितलं. तू भाकरी थापत होतीस, हात थांबला नाही. “जा की,” म्हणालीस, “शेत काय पळून जातंय?”

आयटीआय झाल्यावर कारखान्यात पहिल्याच दिवशी साचे करणाऱ्या एका म्हाताऱ्या मोल्डरनं मला रेतीपाशी नेलं. त्याला मराठी यायचं, पण कामाचं तो कन्नडातच बोलायचा. माझ्या हातात रेती कोंबून म्हणाला, “हिडी.” मी मूठ आवळली. “मुरी.” मी दाबलेल्या रेतीची लगड मोडली. कड स्वच्छ तुटली, भुगा झाला नाही, बोटांना चिकटली नाही, तर ती बरोबर. मी हसायला लागलो, आणि हा पोरगा वेडा आहे असं त्याला वाटलं असणार. कारण भात कापून झाल्यावर मसूर पेरायच्या आधी तू हेच करायचीस. वाफसा झाला की नाही, माती पेरायजोगी सुकली की नाही, ते बघायला वाकून मूठभर माती उचलायची, दाबायची, कमरेएवढ्या उंचीवरून खाली सोडायची. फुटली तर पेर, ढेकळासारखी बसली तर थांब. मी घरी येऊन तुला सगळं सांगितलं, साभिनय. तू पोट धरून हसलीस. “आन एवढ्यासाठनं दोन वरसं शाळा शिकलास व्हय रं?” दुसऱ्या दिवसापासून मी कामावरून आलो की तू विचारायचीस, आज तुझा वाफसा झालाय काय. पगार किती वाढला हे तू कधी विचारलं नाहीस, पण वाफसा रोज.

आता ते खरं कारण, तो मंगळवार सांगतो. आधीच सांगायला हवा होता, पण तीन कागद भरले तरी टाळत आलो.

तुझ्या पायांना सूज आली होती, पोटात पाणी साठत होतं, डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. तुला कुणी सांगितलं नव्हतं आणि तुला सगळं माहीत होतं. पावसाळ्याचे दिवस, वारांपैकी तिसरा की चौथा वार. मी बूट घालत होतो. त्या दिवशी कारखान्यात बाहेरचे लोक तपासणीला येणार होते, मी नुकताच सुपरवायझर झालो होतो आणि रात्रभर मनात फायली लावत होतो. तू भिंतीला धरत सोप्यात आलीस, केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून. म्हणजे पहाटेपासून तुझी तयारी चालली होती. म्हणालीस, “मला शेताकडं सोडतोस काय रं? गाडीवर मागं घट्ट धरून बसतो मी. तू सोडून जा. मागनं कोण बी आणंल.”

अर्ध्या तासाचं काम होतं. जायला पंधरा, यायला पंधरा. फार तर उशीर झाला असता, बोलणी बसली असती. मी नाही म्हणालो असतो तर गोष्ट वेगळी होती. आज जमत नाही आक्का, उद्या नेतो, असं म्हणालो असतो तरी चाललं असतं, ते खरं तरी होतं. पण नाही म्हणायची मला लाज वाटली, आणि म्हणून मी बुटाची नाडी बांधता बांधता, मान वर न करता म्हणालो, “आक्का, आज वार हाय. वाराचं शेतात जायचं नसतंय.”

तू मग म्हणालीस, “व्हय की गं बाई. इसरलोच.” आणि भिंत धरत परत आत गेलीस.

ज्या बाईनं जन्मभर वार मोजले, ती विसरली म्हणे. मी थापच मारली होती, आणि माझी थाप उघडी पडू नये म्हणून तू तीच थाप पुढं चालवलीस. वार म्हणजे भुईला लोखंड लावायचं नाही, बसायला कुणाची बंदी नव्हती, हे मला आठव्या वर्षी तुझ्याच फटक्यानं कळलं होतं. मी तुझाच नियम उलटा करून तुझ्यासमोर दाराला कडी घातली. तपासणी चांगली झाली, शाबासकी मिळाली. पुढच्या मंगळवारी तू दवाखान्यात होतीस आणि त्याच्या पुढच्याला नव्हतीस.

तेव्हापासून शेताच्या वाटेला लागलो की शेवटच्या वळणावरून पुढं जाता यायचं नाही. दोनदा गेलो, दोनदा परतलो. तिसऱ्यांदा वैनीच्या नवऱ्याला बोलावून शेत देऊन टाकलं. पुढं कारखान्यात मी चढत गेलो, माझी माणसं वाढली, फोन वाढले. कामाचा ताण काय मी एकटा सोसत नाही. पण तू ज्या जागी तो उतरवून ठेवायचीस, ती जागा मी स्वतःहून बंद करून घेतली होती.

कार्तिक संपता संपता वैनीचा फोन आला. तिचा नवरा गेल्या साली वारला, तुला कळलं नसेल. पोरं दोन्ही नोकरीला. ती म्हणाली, “भावजी, माजं गुडगं ऱ्हायलं न्हाईत. भात काढून दिलोय, पर मसूर न्हाय जमायची ह्या साली. तुमचं शेत तुम्ही बघा, न्हायतर पड टाका, ऱ्हाऊ दे पडीक.” मी म्हणालो, कुणीतरी बघू, विचारून सांगतो. ती शांतपणे म्हणाली, “आक्कांच्या शेतात पड कवा पडल्याली मी बघिटलो न्हाय.” त्या दिवशी मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याला निघालो तो गाडी आपोआप उजवीकडं वळली असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. गल्लीच्या तोंडाला मी पाच मिनिटं गाडी चालू ठेवून उभा होतो. मग वळवली.

शेत लहान झालंय. म्हणजे आहे तेवढंच आहे, पण चारी बाजूंनी घरं जवळ आलीत. बांध मात्र तोच. भाताची धसकटं तशीच उभी होती, त्यांच्यामध्ये बगळे फिरत होते. मी बूट काढले, मोजे बुटांत कोंबले आणि खाली उतरलो. धसकटं टोचतात हे मी विसरलो होतो. ओरडलोच. पलीकडच्या बांधावर वैनी बसली होती, तोंडाला पदर लावून हसत होती. मी साहेबासारखा वाकलो, मूठभर माती उचलली, दाबली, कमरेवरून सोडली. फुटली. मी म्हणालो, “वाफसा आलाय. पेरूया.”

“दावा बघू,” म्हणत ती लंगडत आली, दुसरीकडून मूठ घेतली, दाबून आधी माझ्या तळहातावर ठेवली आणि मग पायाशी टाकली. ढेकूळ तसंच बसलं. “बांधाकडंची बघिटला तुम्ही. बांधाकडची कवा बी वाळल्यालीच असती. मदली बघायची. दोन दीस थांबा. ही तुमची कारखान्यातली रेती न्हवं, पाणी मारून हाण म्हटल्यावर हाणायला.”

चौतीस वर्षांच्या अनुभवाची अशी वासलात लागली. पण माझ्या लक्षात आलं की ती दाबलेली माती माझ्या हाताला गार लागली होती. बांधाकडची कोरडी होती, मधली गार. कळलं होतं. मी पुन्हा वाकून मधली मूठ घेतली आणि कितीतरी वेळ सोडलीच नाही. वैनीला काय दिसलं कोण जाणे. ती आपल्या बांधाकडं गेली.

दोन दिवसांनी पेरणीची कुरी घेऊन येणारा माणूस बोलावून मसूर पेरली. तेव्हापासून मी रोज सकाळी कामावर जायच्या आधी तिथं जाऊन बसतो. एकदम काही झालं नाही, हे तुला सांगतो, कारण डॉक्टरांना मी थोडं वाढवून सांगितलंय. पहिले पंधरा दिवस मी बसल्या बसल्या कास्टिंग मोजत होतो. टिटवी ओरडली की फोनच वाजला असं वाटून खिशाला हात जायचा. मग एके दिवशी मसूर उगवली, बोटाच्या पेराएवढी, आणि तिच्याकडं बघताना मधला कितीतरी वेळ कुठं गेला ते मला कळलं नाही. उठलो तेव्हा पाय गार पडले होते आणि छाती संथ होती. कारखान्यात अजून ताण आहे, गोळी अजून चालू आहे. पण रेतीचा आकडा आता पुन्हा बहुतेक वेळा बरोबर येतो. चुकला तर हसू येतं.

परवा वैनीला मी विचारलं. एवढे दिवस विचारायचा धीर होत नव्हता. म्हणालो, वाराच्या दिवशी आक्का इथं येऊन बसायची, तुला काही सांगायची काय? काय विचार करायची?

वैनी बांधालगत बसल्या बसल्या मसुरीतलं तण काढत होती. म्हणाली, “मी नवी नवरी हुतो तवा. मला वाटलं एकट्या बसल्यात, बोलाय जावं. गेलो आन हाक मारलो, ओ आक्का. तर माज्याकडं बघिटल्या पन न्हाईत. म्हणल्या, ‘आज वार हाय गं. आज मी कुणाची कोण न्हाय. घराकडं गेल्यावर बोलू.’ मला लई राग आल्ता बघा. पुन्यांदा कवा गेलो न्हाय मी.” मग थोड्या वेळानं तिनं सांगितलं, “आता कळतंय त्येंचं.”

एकोणीस वर्षं मी असं धरून चाललो होतो की त्या मंगळवारी तुला शेत बघायचं होतं. शेवटचं. उभं भात, बांध, आपली जमीन, असलं काहीतरी. त्याबद्दल मी मनातल्या मनात तुझी इतक्यांदा क्षमा मागितलीय की ती वाक्यं गुळगुळीत झालीत. पण तुला भात बघायचं नव्हतं. तुला तासभर आमच्यापासून लांब जायचं होतं. औषधांच्या बाटल्यांपासून, सुनेच्या काळजीपासून, नातीच्या रडण्यापासून, आणि रोज संध्याकाळी उंबऱ्यातूनच ‘आक्का, आता कसं वाटतंय?’ म्हणून विचारणाऱ्या माझ्यापासून. सूज आलेल्या पायांनी तू कुणाची आई नसलेला एक तास मागत होतीस, आणि नेमका तोच माझ्याकडं मागावा लागला. हे कळल्यावर माझी चूक लहान झाली नाही. उलट आता ती नीट दिसते. मला तू फार हवी आहेस, आक्का, आज ह्या वयातही. तुला शेवटी मी नको होतो, तासभर तरी, आणि त्याचा मला राग येत नाही, हे मला स्वतःलाच नवीन आहे.

हे पत्र मी कुणाला वाचून दाखवणार नाही. शेतात नेऊन पुरणारही नाही, असल्या गोष्टी तुला आवडल्या नसत्या. तुझ्या सुनेला वाटतं, मी रोज सकाळी तिथं तुझ्या आठवणीत बसतो. आल्यागेल्याला ती तसं सांगते, डोळ्यांना पदर लावून, आणि मी मान हलवतो. खरं काय आहे ते तुलाच सांगतो. तू मला घरात आठवतेस, मोरीपाशी, भाकरीच्या वासानं, कारखान्यात मूठ उघडताना, अंघोळ करताना. शेतात सुरुवातीला आठवायचीस. आता नाही आठवत. काल ऊन मानेवर चढलं म्हणून उठलो, बूट हातात घेऊन बांध उतरलो आणि तेव्हा लक्षात आलं की बसल्यापासून उठेपर्यंत तू एकदाही मनात आली नव्हतीस. मी कुणाचाच कोण नव्हतो. तुझाही नाही.

वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.